सर्प, शिडी आणि खेळणारा

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत एक तक्रार वारंवार कानांवर येते. घरांतील मुलें तासन्‌तास ज्या खेळांत रमतात, त्यांत जादुगार, चालतीं प्रेतें, प्रकाशाचीं अस्त्रें आणि काळोखाचे मंत्र यांवांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं. हें वेड बरें कीं वाईट, असें वडील माणसें एकमेकांस विचारीत असतात. कोणी म्हणतो, हें परदेशी खूळ आहे, मुलांच्या हातांतून मोबाईल काढून घ्यावा. कोणी म्हणतो, खेळ तो खेळच, त्यांत काय पाहावयाचें आहे? आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत. जग कशानें चालतें, चांगलें कोठें राहतें आणि वाईट कोठून येतें, याविषयींच्या पहिल्या कल्पना मूल गोष्टींतून आणि खेळांतून घेत असतें. म्हणून खेळ बंद करण्यापूर्वीं, किंवा मोकळा सोडण्यापूर्वीं, त्याच्या पोटांत कोणतें विश्व दडलें आहे हें एकदां पाहावें, हें बरें.

या जातीच्या बहुतेक खेळांचें मूळ अमेरिकेंत १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळांत आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. हा खेळ मुख्यतः बोलण्यांतच चालतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करणार तें सांगतात. आणि जेथें फलाविषयीं संशय असेल तेथें फांसे टाकतात. आरंभीं पात्रांना तीन पक्ष होते : नियम, तटस्थता आणि अराजक. पुढें १९७८ च्या नियमग्रंथांत त्यांस चांगलें व वाईट या भेदाची जोड मिळून एकंदर नऊ वृत्ति झाल्या.

या खेळाच्या विश्वरचनेंत दोन लोक कल्पिलेले आहेत. विजेच्या धन व ऋण या भेदाप्रमाणें एक धन शक्तीचा लोक, दुसरा ऋण शक्तीचा. जखम बरी करणारा मंत्र धन लोकांतून शक्ति घेतो. स्मशानांतून उठून चालणारीं प्रेतें ऋण लोकाच्या बळावर हलतात. म्हणून ज्या मंत्रानें जिवंत माणसाची जखम भरून येते, त्याच मंत्रानें प्रेत होरपळतें. येथपर्यंत हा उजेडाचा व काळोखाचा साधा सामना वाटेल. परंतु या रचनेंत एक चमत्कारिक नियम आहे. जिवंत मनुष्य खुद्द धन लोकांत गेला, तर प्रथम त्याच्या जखमा भरतात, अंगीं बळ येतें. मग तें बळ मापाबाहेर वाढत जातें, आणि तो वेळेवर बाहेर पडला नाहीं तर अखेर फुटून नष्ट होतो! नुसता प्रकाशही माणसास मानवत नाहीं, हें या खेळाच्या कर्त्यांस सुचलें होतें. ज्यांस हा खेळ केवळ खूळ वाटतो, त्यांनीं एवढ्या एका नियमाचा तरी विचार करावा.

तथापि या विश्वांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दोन्ही शक्ति खेळणाऱ्याच्या बाहेर आहेत. त्यांचे लोक वेगळे, सैन्यें वेगळीं. आपण एका बाजूस उभें राहावयाचें आणि समोरच्या बाजूस झोडपावयाचें. मोबाईलवरील खेळांत तर वृत्तींचा विचारही बहुधा गळून पडतो आणि झोडपणें तेवढें उरतें. मुलाच्या मनावर याचा ठसा असा उमटतो कीं, वाईट म्हणजे समोरचा. आमची खरी चिंता भुतांखेतांची नसून या ठशाची आहे.

याच प्रश्नाचें दुसरें उत्तर देणारा एक खेळ आपल्या देशांत फार दिवसांपासून आहे. महाराष्ट्रांत त्यास मोक्षपट म्हणतात; उत्तरेकडे ज्ञानचौपड. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. आज उपलब्ध असलेले पट बहुतेक अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल राहिलेले श्री. वा. ल. मंजुळ यांनीं मराठी मोक्षपटांचा मागोवा घेतला. आणि डेन्मार्कमधील याकोब श्मिट-मॅडसन या अभ्यासकानें पश्चिम भारतांतील या पटांवर २०१९ सालीं कोपनहेगनच्या विद्यापीठांत प्रबंध सादर केला. आपल्या माजघरांतला खेळ इतक्या दूरच्या विद्वानास अभ्यासावासा वाटावा, ही गोष्ट आपणांस विचार करावयास लावणारी आहे.

पटांचे प्रकार पुष्कळ आहेत. जैनांचा ८४ घरांचा पट वेगळा, वैष्णवांचा ७२ घरांचा वेगळा. या ७२ घरांच्या पटाची हरीश जोहरी यांनीं १९७५ सालीं इंग्रजी ग्रंथ लिहून जगास ओळख करून दिली. तोच येथें उदाहरणादाखल घेऊं. नऊ-नऊ घरांच्या आठ ओळी. खालून वर, नागमोडी वाटेनें जावयाचें. दहा साप आणि दहा बाण. हे बाण आपल्या शिडीचेंच काम करतात. प्रत्येक घरास नांव आहे, आणि या नांवांतच सर्व मर्म आहे.

सर्वांत खालची ओळ पाहा. जन्म, माया आणि भूलोक हीं तीन घरें सोडलीं तर उरलेल्या सहा घरांत क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर व काम, म्हणजे आपले नित्याचे षड्रिपु, ओळीनें बसले आहेत. परंतु गंमत अशी कीं, या सहांपैकीं एकाही घरांत सापाचें तोंड नाहीं. तेथें आहेत त्या शेपट्या. तोंडें वरच्या ओळींत आहेत. ईर्ष्येचा साप मत्सरांत उतरवितो, द्वेषाचा लोभांत, कुसंगाचा मदांत, अधर्माचा मोहांत, अविद्येचा कामांत आणि अहंकाराचा क्रोधांत. सहा रिपु आणि त्यांच्यावर आणून सोडणारे सहा साप! मनुष्य क्रोधानें पडत नाहीं, पडल्यावर क्रोधांत सांपडतो. पडण्याचें कारण वर, चढलेल्या ठिकाणीं असतें. मानसशास्त्राचा हा पाठ पटकर्त्यानें एकही वाक्य न लिहितां शिकविला आहे.

आतां शेजार पाहा. २८ वें घर सुधर्माचें, २९ वें अधर्माचें. ४४ वें अविद्येचें, त्याला लागून ४५ वें सुविद्येचें आणि ४६ वें विवेकाचें. ५४ वें भक्तीचें. तेथून बाण सरळ ६८ व्या घरीं, वैकुंठांत नेतो. आणि ५५ वें? तें अहंकाराचें! एका दानाचा फरक. एक थेट वैकुंठास जातो, दुसरा तळच्या ओळींतील क्रोधांत येऊन पडतो. या पटावर विरोधी शक्तींचीं दोन सैन्यें नाहींत, दोन लोक नाहींत. त्या भिंतीला भिंत लावून राहतात. शिवाय संपूर्ण पटावर साप आणि बाण यांची झुंज कोठेंही होत नाहीं. बाण सापास मारीत नाहीं, साप बाणास अडवीत नाहीं. दोघांची गांठ पडते ती खेळणाऱ्याशीं, आणि ती त्याच्या वाटेवर.

भक्तीच्या शेजारीं अहंकाराचें घर कां, हें कोणास समजून घ्यावयाचें असेल तर त्यानें आमच्या हिंगोली जिल्ह्याकडे पाहावें. १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा लहान खरा. परंतु नामदेवांचें जन्मस्थान मानलेली नरसी याच जिल्ह्यांत आहे आणि औंढा नागनाथाचें ज्योतिर्लिंगही येथेंच. संतचरित्रांतील कथा अशी : नामदेव पांडुरंगाचे एवढे लाडके कीं, देव त्यांच्याशीं बोले. परंतु संतमेळ्यांत गोरोबा काकांनीं थापटणें घेऊन एकेकाचें डोकें तपासलें, तेव्हां नामदेव रागावले. आणि हें मडकें अजून कच्चें आहे, असा निर्णय झाला. भक्तीच्या घरीं बसलेला मनुष्य एका पावलानें अहंकाराच्या घरीं गेला आणि क्रोधांत उतरला! पटावरील ५४, ५५ आणि ३ या घरांची ही जणूं जिवंत टीकाच आहे. पुढें नामदेव औंढ्यास विसोबा खेचरांकडे आले. पाहतात तों विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनीं दोष दिला; विसोबांनीं सांगितलें, जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. तशी जागा कांहीं सांपडेना. पवित्र एका बाजूस आणि अपवित्र दुसऱ्या बाजूस, अशी जी रेघ नामदेवांनीं मनांत ओढली होती, ती तेथें पुसली गेली.

पटाच्या सर्वांत वरच्या ओळीकडे वळूं. वैकुंठाचें ६८ वें घर या ओळीच्या बरोबर मध्यावर आहे, शेवटीं नाहीं. त्याच्या पुढें ६९ वें ब्रह्मलोकाचें आणि मग सत्त्व, रज व तम या तीन गुणांचीं घरें. १७ व्या घरांतील दयेचा बाण खेळणाऱ्यास फार दूर, ब्रह्मलोकीं नेतो. पण तें स्थान वैकुंठाच्या पलीकडे आहे! तेथून पुढें सत्त्वांतूनही वाट तमाकडेच जाते, आणि ७२ व्या घरांतील तमोगुणाचा साप ५१ व्या घरीं, पृथ्वीवर आणून सोडतो. सत्त्वगुण देखील सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीनें बांधतो, असें गीतेच्या चौदाव्या अध्यायांत सांगितलें आहे. तेंच येथें कवड्यांनीं सांगितलें. धन लोकांत राहणारा मनुष्य फुटून जातो, हा अमेरिकन खेळाचा नियम आणि सत्त्वाच्या घराहून पुढें गेलेला मनुष्य पृथ्वीवर पडतो, हा आपल्या पटाचा नियम, हे दोन्ही एकमेकांस न विचारतां फार जवळ आले आहेत. चांगल्याचा सांठा करून मुक्ति मिळत नाहीं, एवढें दोघांसही दिसलें.

हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत गेला. तेथें आरंभीं साप व शिड्यांवर त्यांच्या नीतीप्रमाणें गुणदोषांचीं चित्रें असत. पुढें तीं गळालीं, आणि १ ते १०० हे नुसते आंकडे राहिले. तोच सापशिडीचा पट छापील होऊन आपल्या घरोघरीं परत आला. मूल आज ९८ वर पडतें आणि खालीं घसरतें; परंतु तें कशामुळें पडलें आणि कोठें येऊन पडलें, हें सांगणारें नांवच तेथें नाहीं. नांवें गेलीं तेव्हां साप नुसतें दुर्दैव झाला आणि शिडी नुसती लॉटरी झाली. काळोखाच्या मंत्रांचें भय बाळगणाऱ्या वडील मंडळींनीं ही हानि आधीं मनावर घ्यावी.

आपल्या पटांत उणें कांहींच नाहीं, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. पटावर खेळणाऱ्यास निवड करतां येत नाहीं. कवडी पडेल तेथें जावें लागतें. दया करावी कीं न करावी, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. नव्या खेळांत, विशेषतः जो बोलून खेळतात त्यांत, मुलास प्रत्येक वळणावर ठरवावें लागतें : शरण आलेल्या शत्रूस सोडावें काय? दिलेला शब्द मोडावा काय? हा त्या खेळाचा मोठाच गुण होय, आणि तो मान्य करण्यांत आपला कमीपणा नाहीं. एका खेळांत निवड आहे पण वाईट बाहेर आहे. दुसऱ्यांत वाईट आपल्याच वाटेवर आहे पण निवड नाहीं. ज्या घरांत दोन्ही खेळले जातील, तेथील मुलास दोन्ही गोष्टी मिळतील.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एक मोठा पुठ्ठा घ्यावा, त्यावर नऊ-नऊ घरांच्या आठ ओळी आंखाव्या, आणि येत्या एकादशीस फराळानंतर आजीपासून धाकट्या नातवापर्यंत सर्वांनीं भोंवतीं बसावें. घरांचीं नांवें मुलांकडूनच लिहवून घ्यावीं. एक नियम मात्र नवा करावा. ज्यास साप चावेल त्यानें त्या घराचें नांव मोठ्यानें वाचावें, आणि तसें पडणें त्यानें कोठें पाहिलें, हें एका वाक्यांत सांगावें; गोष्टींतलें चालेल, स्वतःचें असेल तर अधिक चांगलें. हा नियम वडील माणसांसही लागू असावा. घरांतील कर्ता पुरुष अहंकाराच्या घरावरून क्रोधांत उतरला आणि तें त्यानें हंसत हंसत मुलांदेखत वाचलें, तर मुलें तें सहसा विसरणार नाहींत. मग दुसऱ्या दिवशीं तींच मुलें पुन्हां जादुगारांच्या खेळाकडे वळलीं तरी वळूं द्यावीं. समोरच्या राक्षसावर अस्त्र सोडतांना त्यांच्यापैकीं एखाद्याच्या मनांत, हा कोणत्या घरांतून खालीं आला असेल बरें, एवढा प्रश्न आला तरी पुष्कळ झालें.