प्रदोषाच्या दिवशी तंजावूर

पहाटे साडेचार

तंजावूरच्या फुलबाजारात उजाडायच्या आधीच पोती सुटतात. दिंडुक्कल, निलकोट्टै भागातून रात्री निघालेल्या गाड्या रिकाम्या होतात आणि मोगरा, शेवंती, निशिगंध, कण्हेर, दवणा यांचे ढीग लागतात. मोठ्या देवळाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या दारापाशी बसणाऱ्या फुलवालीला सगळे अक्का म्हणतात. आज ती नेहमीच्या फुलांखेरीज बेलाचे भारे आणि दूर्वा घेते. दूर्वांना इथे अरुगम्पुल म्हणतात. आपल्याकडे दूर्वा गणपतीच्या. इथेही त्या पिळ्ळैयारला वाहतात, पण प्रदोषाला दूर्वांचा मनगटाएवढा जाड हार नंदीच्या गळ्यात पडतो. आवणी महिना लग्नसराईचा, त्यामुळे मोगऱ्याचा भाव चढलेला. अक्का मोगरा बेताचाच घेते. "आज नंदीचा दिवस, त्याला गवत आवडतं," म्हणते.

सहा

दारात सडा झाला, तांदळाच्या पिठाचं कोलम झालं, की घरात आधी भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडतात. आजच्या पानावर राहुकाळ आणि चांगली वेळ यांच्याजवळच 'प्रदोषम्' छापलेलं असतं. ते पाहिल्यावाचून चालत नाही, कारण तमिळ महिना सौर आहे. सूर्य सिंहेत शिरला की आवणी लागला. व्रतं मात्र चंद्राच्या चालीवर: दोन प्रदोष, अमावासै, पौर्णमी, मुरुगनची षष्ठी, गणपतीची संकटहर चतुर्थी, एकादशी. म्हणून 'महिन्याच्या अमुक तारखेला प्रदोष' असं कुणालाच सांगता येत नाही. आपल्या घरी ज्या कामाला कालनिर्णय, त्याच कामाला इथे हे पान. सूर्यास्ताला त्रयोदशी असली की तो दिवस प्रदोषाचा. आजची त्रयोदशी कृष्ण पक्षातली, आपल्या हिशेबाने श्रावण वद्य.

घरातल्या थोरल्या बाईचा आज संध्याकाळपर्यंत उपास. बाकीचे इडली खाऊन कामाला जातात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हे व्रत ज्याला झेपेल त्याने, झेपेल तेवढं करायचं आहे.

आठ ते अकरा

आता अक्काचं खरं काम. केळीच्या सोपटाचे सुकवलेले धागे ती पाण्यात भिजवून ठेवते. कोरडा धागा फुलाचा देठ कापतो, ओला धरून ठेवतो. दोन कळ्या एका दिशेला, दोन उलट्या दिशेला, देठ डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबलेले. उजव्या हाताने धाग्याचा फास देठांवरून टाकायचा आणि ओढायचा. सुई नाही. फास इतकाच आवळायचा की देठ तुटू नये आणि माळ उभी धरली तरी कळी निसटू नये. बोलता बोलता हात चालूच असतात. हाताकडे ती बघतच नाही, तिचं लक्ष गिऱ्हाइकाकडे.

मोगरा, अबोली आणि दवणा मिळून होणारी गजऱ्याची माळ म्हणजे कदंबम. तंजावूरचं कदंबम तमिळनाडूभर नावाजलेलं, आणि ते दवण्याच्या वासामुळे. माळ हातावर मोजून विकतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. अक्काचा हात आखूड, म्हणून प्रत्येक मुळमामागे ती चार बोटं जास्त सोडते. न मागता.

दूर्वांचं काम वेगळं. एकेक जुडी निवडायची, माती झटकायची, वाळकी पाती काढायची आणि जुड्या दोरीवर दाट गुंफत जायच्या. यात बोटं चिरतात. दोन तास याच हाराला गेले. विकताना त्याचे पैसे मोगऱ्याच्या मानाने फार कमी येतात. मला हे खटकलं आणि मी तसं तिला म्हणाले. "अम्मा, तो देवळात जाणारा हार," ती म्हणाली, आणि पुढची जुडी उचलली.

साडेअकरा

देऊळ दुपारी बंद व्हायच्या आत मी आत जाऊन येते. राजराज चोळाचं हे देऊळ 1010 साली पुरं झालं. समोरचा नंदी मात्र चोळांचा नाही, नंतरच्या नायक राजांच्या काळातला. एकाच दगडातला, बारा फूट उंच, जवळजवळ वीस फूट लांब, आणि शतकानुशतकांच्या तेलाने काळाभोर चकचकीत. हा नंदी वाढत चालला होता, म्हणून त्याच्या पाठीत खिळा ठोकला, अशी गोष्ट इथलं प्रत्येक पोर सांगतं.

मराठी माणसाला या आवारात आणखी एका जागी थांबावंच लागतं. व्यंकोजीराजांनी 1676 मध्ये इथे राज्य स्थापलं. त्यांच्याच वंशातल्या दुसऱ्या सरफोजींनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला, मराठीत. ओळीमागून ओळी. एवढा लांब मराठी शिलालेख आणि तो कावेरीकाठी! आजही या देवळासह अठ्ठ्याऐंशी देवळं राजवाडा देवस्थानाकडे आहेत आणि भोसले घराण्याकडे त्याचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आहे. आपली माणसं इथे नंदीचा फोटो काढतात आणि या भिंतीवरून पुढे निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

साडेबारा ते तीन

दरवाजे बंद. ऊन असं की दगडावर पाय ठरत नाही. अक्का फुलांवर ओलं कापड टाकते, ताक पिते आणि झाडाखाली आडवी होते.

चार

दरवाजे उघडतात आणि माणसांच्या हातांतून सामान आत जाऊ लागतं: दुधाच्या पिशव्या, शहाळी, दही, मध, हळद, चंदन, गुलाबपाणी. काही बायकांच्या डब्यात भिजवलेले तांदूळ, गूळ आणि खोबरं कालवलेलं. हा नंदीचा नैवेद्य. घरचं माणूस गोठ्यात जनावरासाठी नेतं तोच हा खाऊ, आणि म्हणूनच मला तो या सगळ्या सामानात सर्वांत जवळचा वाटतो. अक्काच्या टोपलीपुढे रांग लागते. बेल आणि दूर्वा आधी संपतात.

साडेचार ते सहा

हाच प्रदोषकाळ. समुद्रमंथनातलं हलाहल शंकराने कंठात धरलं, देवांचे प्राण वाचले, आणि त्रयोदशीच्या संध्याकाळी नंदीच्या दोन शिंगांमध्ये उभं राहून शंकर नाचला, अशी कथा. म्हणून आज पिंडीच्या आधी नंदी.

गुरुक्कळ, म्हणजे देवळातले पुजारी, वर चढतात. आधी तेल. डोक्यावरून ओतलेलं तेल वशिंडावरून ओघळत पोटापर्यंत येतं. मग तांदळाचं पीठ, मग हळद, आणि काळा नंदी बघता बघता पिवळा होतो. पंचामृत, दूध, दही, मध, उसाचा रस, शहाळ्याचं पाणी. खालून घागरी हातोहात वर जातात. दूध पडायला लागलं की कपाळावरून दोन धारा होतात, डोळ्यांच्या कडेने नाकपुड्यांवर येतात आणि तिथून थेंबथेंब खाली. मध्येच पाण्याने धुतलं की दगड परत काळा, आणि पुढच्या द्रव्याला पुन्हा नवा. चंदन, विभूती. नादस्वरम् आणि तविल चढत्या लयीत. ओदुवार, म्हणजे देवळातले गायक, तेवारम् ही शंकराची स्तोत्रं गातात.

या वेळेला आजूबाजूला बघावं. एसटीच्या खाकी कपड्यातला कंडक्टर, बँकेचं ओळखपत्र गळ्यात तसंच राहिलेली मुलगी, दप्तरासकट शाळेची पोरं, भाजीची पिशवी घेतलेला म्हातारा. मला वाटतं प्रदोष एवढा लोकांचा झाला तो याचमुळे. एकादशीला दिवसभर पोट मारावं लागतं, शिवरात्रीला रात्र जागवावी लागते. प्रदोष कामावरून सुटणाऱ्या माणसाच्या वाटेवरच येतो. दिवसभर राबलेल्या माणसाने राबणाऱ्या जनावरासमोर उभं राहायचं, ही या व्रताची थोरवी आहे. शनिवारी प्रदोष आला तर शनिप्रदोष म्हणून गर्दी कित्येक पटींनी वाढते. पण गुरुवारच्या या गर्दीतही पाठीमागच्यांना टाचा उंचवाव्याच लागतात.

शेवटी अलंकार. अक्काचा दूर्वांचा हार वर जातो, दोघांनी धरून तो गळ्यात घालावा लागतो. त्यावर शेवंती, वर बेल. मग दीपाराधना, आणि सगळ्यांचे हात एकदम जोडले जातात.

सव्वासहा

आपल्याकडे नंदीच्या शिंगांवर अंगठा आणि तर्जनी ठेवून त्या चौकटीतून पिंडी बघायची रीत आहे. इथे शिंगांपर्यंत हात पोचत नाही. लोक खाली उभे राहून मान वर करतात. प्रदोषमूर्ती, म्हणजे छोट्या बैलावर बसलेले शंकर-पार्वती, पालखीतून प्राकारात तीन फेऱ्या घेतात. मागून लोक. काही जुनी माणसं मात्र सोमसूत्र प्रदक्षिणा करतात: नंदीपासून चंडिकेश्वरापर्यंत जायचं, परतायचं, दुसऱ्या बाजूने गोमुखापर्यंत जायचं आणि अभिषेकाचं पाणी न ओलांडता फिरायचं. शंकराची प्रदक्षिणा अर्धी, हे माझ्या आजीने मला साताऱ्यात शिकवलं होतं. इथे कुणी समजावून सांगायची वेळ आली नाही.

आठ

अक्काची टोपली रिकामी. उरलेलं मूठभर कदंबम ती स्वतःच्या केसांत माळते, एक तुकडा मला देते आणि परवाच्या मागण्या मोजू लागते. परवा अमावासै. त्या दिवशी सकाळीच लोक तीळ-दर्भ घेऊन तर्पणाला बसतील. घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरींना शेवंतीचे आखूड हार लागतील, म्हणजे आज जेवढे मुळम त्याच्या दुप्पट. शेजारचा कोहळे मागवून ठेवतोय, संध्याकाळी दुकानदार दृष्ट काढून ते दारात फोडतील. गाईंना घालायला हादग्याच्या पाल्याच्या जुड्या हव्यात, त्या बाजारात उशिरा गेलं तर मिळत नाहीत. आमच्याकडे त्याच दिवशी पोळा, बैलाला न्हाऊ घालून सजवतात आणि पुरणपोळी देतात, असं मी सांगते. ती बोटं मोजायची थांबते आणि विचारते, "बैलाला हार कसला घालता?"

"झेंडूचा," मी सांगते.

"मग तो देठाने नका बांधू, सुई-दोऱ्यानेच ओवा. झेंडूचा देठ धरत नाही," असं म्हणून ती परत मोजायला लागते.