जांभळा की गुलाबी?

एका रुग्णाला खूप ताप आहे. त्याचे डोके फार दुखते आहे आणि मान ताठ झाली आहे. मेंदूच्या आवरणाला सूज आली असावी, अशी डॉक्टरांना शंका येते. ते त्याच्या पाठीच्या कण्यातून थोडे पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवतात. रोगाचे जीवाणू वाढवून ओळखायला एक-दोन दिवस लागतात. औषध मात्र लगेच सुरू करावे लागते. अशा वेळी काही मिनिटांत पहिली खूण देणारी एक तपासणी आहे. तिचे नाव ग्रॅम रंजन.

हान्स क्रिश्चन ग्रॅम हे डेन्मार्कचे डॉक्टर होते. न्यूमोनियाने मरण पावलेल्या माणसांच्या फुप्फुसांचे तुकडे ते बर्लिन शहरात तपासत होते. जीवाणू जवळजवळ रंगहीन असल्यामुळे सूक्ष्मदर्शकातूनही नीट दिसत नाहीत. म्हणून ग्रॅम यांनी त्यांना रंग देण्याची युक्ती शोधली आणि १८८४ साली ती प्रसिद्ध केली. न्यूमोनियाच्या काही जंतूंनी रंग धरून ठेवला. टायफॉइडच्या जंतूंनी तो सोडून दिला. आपली पद्धत अजून अपुरी आहे, असे ग्रॅम यांनी स्वतःच लिहून ठेवले. पुढे मात्र हा फरकच फार उपयोगी ठरला.

ही तपासणी कशी करतात, ते पाहू. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर पसरतात, तो वाळवतात आणि ज्योतीवरून हलकेच फिरवतात. त्यावर जांभळा रंग टाकतात. सुमारे एका मिनिटाने तो पाण्याने धुऊन आयोडीन टाकतात. रंगारी कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतो. येथे आयोडीन तेच काम करते. नंतर काही सेकंद अल्कोहोलने धुतात. शेवटी लाल रंग देतात. हा शेवटचा लाल रंग ग्रॅम यांच्यानंतर या पद्धतीत आला.

खरी परीक्षा अल्कोहोलची असते. काही जीवाणूंची भिंत जाड असते. अल्कोहोलमुळे ती आक्रसते आणि जांभळा रंग आतच अडकून राहतो. यांना ग्रॅम-धन म्हणतात. इतरांची भिंत पातळ असून तिच्यावर स्निग्ध आवरण असते. अल्कोहोलमध्ये ते विरघळते आणि रंग बाहेर निघून जातो. मग हे जीवाणू लाल रंग घेऊन गुलाबी दिसतात. यांना ग्रॅम-ऋण म्हणतात.

आता आपल्या रुग्णाकडे वळू. जांभळ्या ठिपक्यांच्या जोड्या दिसल्या, तर न्यूमोनियाच्या जंतूचा संशय येतो. गुलाबी जोड्या दिसल्या, तर संशय दुसऱ्याच जंतूवर जातो. त्यावरून योग्य औषध निवडायला मदत होते. जंतूचे नेमके नाव मात्र पुढील तपासणीतच ठरते. शिवाय, क्षयाच्या जंतूवर हा रंग नीट चढत नाही. त्याच्यासाठी वेगळी पद्धत वापरतात.

या कामात घाई चालत नाही आणि आळसही चालत नाही. अल्कोहोल थोडे जास्त वेळ राहिले, तर जांभळे जीवाणूही गुलाबी दिसतात आणि डॉक्टरांना चुकीची खूण मिळते. म्हणून काचपट्टी धुणाऱ्याचे लक्ष घड्याळावर आणि रंगावर असावे लागते. त्या काही सेकंदांवर एखाद्या रुग्णाचा जीव अवलंबून असू शकतो.