दारूचे व्यसन आणि यकृत प्रत्यारोपण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्षानुवर्षांच्या दारूने यकृतात चरबी साठते, सूज येते आणि काहींचे यकृत शेवटी कडक होऊन आक्रसते. या अवस्थेला सिऱ्होसिस म्हणतात. कावीळ, पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, बरळणे ही यकृत थकल्याची लक्षणे. खराब यकृत शस्त्रक्रियेने बदलता येते, पण दारूची ओढ मेंदूत असते आणि ती तिथेच राहते. म्हणून या रुग्णाला आजार दोन असतात आणि दोन्हींचे उपचार जोडीने चालवावे लागतात.

गैरसमज : लिव्हर बदलले की माणूस बरा झाला.
वस्तुस्थिती : अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षानुसार दारूमुळे प्रत्यारोपण झालेल्यांपैकी सुमारे २२ टक्के रुग्ण पुन्हा कधी ना कधी पितात आणि सुमारे १४ टक्के भरपूर पितात. बहुतेक जण पीत नाहीत, हेही याच आकड्यांतून दिसते. पिणाऱ्याचे नवे यकृत पुन्हा बिघडू शकते. शिवाय पिण्याच्या नादात नवे यकृत टिकवणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या चुकल्या, तर शरीर ते यकृत नाकारू लागते. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते. त्यामुळे तंबाखू किंवा गुटखा सोबत असेल, तर तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो.

गैरसमज : व्यसन हा मनाचा दुबळेपणा, शपथ घेतली की सुटते.
वस्तुस्थिती : २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीच्या नृसिंहापुढे घेतलेली शपथ किंवा गळ्यातली तुळशीची माळ अनेकांना मोठा आधार देते. माळकऱ्यांची संगत मिळते, पिण्याची जुनी बैठक तुटते. पण रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर काही तासांत हात थरथरतात, काहींना झटके येतात आणि दोन ते चार दिवसांत जिवावर बेतणारा भ्रम होऊ शकतो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावे लागतात.

गैरसमज : सहा महिने दारू सोडल्याशिवाय प्रत्यारोपण होतच नाही.
वस्तुस्थिती : अनेक केंद्रे ही अट पाळत आली आहेत. तिचा एक खरा फायदा आहे : दारू थांबल्यावर काहींचे यकृत इतके सावरते की प्रत्यारोपणाची गरजच उरत नाही. मात्र दारूमुळे यकृताला आलेली तीव्र सूज औषधांना दाद देत नसेल, तर सहा महिने वाट पाहण्याइतका वेळ नसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात अशा २६ निवडक रुग्णांचे लवकर प्रत्यारोपण झाले. सहा महिन्यांनी त्यांतले ७७ टक्के जिवंत होते. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांपैकी फक्त २३ टक्के. निवड करताना घरचा आधार, आजाराची कबुली आणि मानसोपचारतज्ज्ञांचे मत पाहिले जाते.

गैरसमज : जेवणातून गुपचूप पुडी दिली की दारू सुटते.
वस्तुस्थिती : अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असू शकते. त्यावर दारू प्यायली की छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. शिवाय हे औषध यकृतालाही इजा करू शकते. सिऱ्होसिसच्या रुग्णाला ते टाळलेच पाहिजे. दारूची ओढ कमी करणाऱ्या बॅक्लोफेन या दुसऱ्या औषधाचा २००७ चा अभ्यास ८४ सिऱ्होसिस रुग्णांवर झाला : औषध घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २९ टक्के दारूपासून दूर राहिले. मात्र यकृतामुळे ज्याला आधीच भ्रम होतो, त्याचा भ्रम या गोळीने वाढू शकतो. अकॅम्प्रोसेट हे तिसरे औषध यकृतावर भार टाकत नाही, पण ते मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि टॅक्रोलिमस मूत्रपिंडालाच त्रास देते. म्हणून गोळी आणि तिची मात्रा तज्ज्ञानेच ठरवायची.

गैरसमज : बिअर हलकी असते, टॉनिक तर औषधच.
वस्तुस्थिती : ८ टक्के अल्कोहोलच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीच्या ६० मिलीच्या दोन पेगांइतके. द्राक्षासवासारख्या आसव-अरिष्टांतही आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते. प्रत्यारोपणानंतर यांतले काहीच चालत नाही.

गैरसमज : पुन्हा पुन्हा तपासणी म्हणजे रुग्णावर अविश्वास.
वस्तुस्थिती : लघवीच्या तपासणीतून गेल्या काही दिवसांतले पिणे कळते, तर ‘पीईटीएच’ या रक्ततपासणीतून दोन ते चार आठवड्यांतले. पाय घसरल्याचे लवकर कळले, तर समुपदेशन वाढवता येते, औषध बदलता येते. तपासणीचा उपयोग यासाठी आहे, शिक्षेसाठी नाही.

गैरसमज : हे सगळे उपचार मोठ्या शहरातच होतात.
वस्तुस्थिती : प्रत्यारोपणासाठी पोखर्णीच्या रुग्णाला मोठ्या केंद्राकडे जावेच लागते. व्यसनाचा उपचार मात्र वर्षानुवर्षे चालतो, म्हणून तो घराजवळ हवा. तो परभणीच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे घेता येतो. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभांना शुल्क नसते. निवासी उपचार लागले, तर १९८६ पासून चालणाऱ्या पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारखी केंद्रे आहेत. स्थानिक डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक गोळी प्रत्यारोपण केंद्राला कळवायची आणि केंद्राची फाईल स्थानिक डॉक्टरांना दाखवायची, एवढा दुवा घरच्यांनी सांभाळावा.