घरच्या सौर संचात भर घालावी काय?

सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत मोडतो. तेथे पाऊस हात आखडता घेतो. ऊन मात्र मुबलक असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली आणि गच्चीवरील सौर संचाकडे ग्रामीण कुटुंबांचे लक्ष अधिक वळले. ज्यांच्या घरी लहान संच आहे, त्यांच्यापुढे आता निराळा प्रश्न उभा राहतो. आणखी पॅनेल बसवावीत काय? बॅटरी घ्यावी काय? ग्रामसेवकाने याचे उत्तर विक्रेत्याच्या पत्रकात न शोधता त्या घरच्या बारा महिन्यांच्या वीजबिलांत शोधावे.

एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने महिन्यास सुमारे १२० युनिट वीज देतो. समजा, एका घराचा वापर महिना २३० युनिट आहे. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिट स्वस्त व त्यापुढील बरीच महाग असतात. हिशेबाच्या सोयीसाठी पहिल्या शंभरांचा दर ६ रुपये व पुढचा १२ रुपये धरू; प्रत्यक्षात आपल्या बिलावरील दर घालावेत. नेट मीटर असल्यास पहिल्या किलोवॉटने वाचणारी १२० युनिट ही सर्व महाग भागातील असतात, म्हणजे बचत १,४४० रुपये. उरली ११० युनिट. दुसरा किलोवॉट बसविला तर बचत होते ती ७२० रुपयांचीच, कारण आता स्वस्त युनिट वाचत आहेत. किलोवॉटला ५०,००० रुपये खर्च धरल्यास पहिला तीन वर्षांत फिटतो. दुसऱ्यास जवळजवळ सहा वर्षे लागतात. तिसरा किलोवॉट या घरास केवळ शोभेचा होय. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना महावितरण कमी दर देते, आणि स्थिर आकार तर काही केल्या चुकत नाही.

घरात पिठाची चक्की, शीतकपाट किंवा मुलाचे लग्न होऊन वाढणारे बिऱ्हाड असा नवा भार येणार असेल, तर मात्र हा हिशेब पालटतो.

सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. ग्रिडला जोडलेल्या व देशी बनावटीच्या पॅनेलांच्या संचासच ते मिळते. पूर्वी अनुदान घेतलेल्या घराने वाढीव क्षमतेस किती मिळेल हे पैसे भरण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

बॅटरीविषयी बराच गैरसमज आढळतो. ग्रिडला जोडलेला साधा संच वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो; तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी तशी रचना केलेली असते. बॅटरीने ही अडचण दूर होते, पण बिल कमी होत नाही. शिसे-आम्लाची बॅटरी साधारणतः चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. रात्री भारनियमनाचा त्रास असेल, तरच हा खर्च करावा.

विहिरीवरील पंप हा विषय अगदी वेगळा. कृषी जोडणी निराळी असल्याने घरच्या पॅनेलांनी पंपाचे बिल भागत नाही. शिवाय २०२४ पासून पाच वर्षांकरिता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ आहे. सौर पंप हवा असल्यास ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, व अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के आहे.

जुनी पॅनेल काढून नवी लावण्याचा मोह टाळावा. चांगल्या पॅनेलचे उत्पादन वर्षास अर्धा ते एक टक्का घटते, म्हणजे दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांच्या आसपास शक्ती शिल्लक असते. जुनी व नवी पॅनेल एकाच माळेत जोडू नयेत; दुबळ्या बैलाच्या चालीने जोडी चालते, तसे कमी प्रवाहाचे पॅनेल सर्व माळेस मागे ओढते. इन्व्हर्टरला दुसऱ्या माळेची स्वतंत्र सोय आहे की नाही, हे आधी पाहावे.

एप्रिल-मेमध्ये उत्पादन घटले म्हणून संच बिघडला असे समजू नये. पॅनेल साठ अंशांवर तापले की उत्पादन सुमारे बारा-चौदा टक्के उतरते. त्यात नाशिक-पुणे रस्त्यालगतच्या आणि माळेगाव, मुसळगाव वसाहतींजवळच्या घरांवर धूळही पुष्कळ बसते. नव्या पॅनेलची मागणी नोंदविण्यापूर्वी आठवडाभर इन्व्हर्टरवरील रोजचे आकडे टिपावेत, मग पहाटे काच थंड असताना पॅनेल साध्या पाण्याने धुवावीत, आणि पुढील आठवड्याचे आकडे शेजारी मांडावेत. झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडते काय, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.