‘चालवलं नाही’ म्हणजे नेमकं काय?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ताईचा मेसेज आला : ‘आज आईला चालवलं नाही.’ मी तावातावानं फोन लावला. का नाही चालवलं? सिस्टर कुठे होत्या? ताई म्हणाली, ‘अगं, आल्या होत्या त्या, वॉकर घेऊन. आईच्यानंच चालवलं नाही.’

‘आईच्यानं’ म्हटलं आणि अर्थ फिरला.

कर्ता दुसऱ्याकडून क्रिया करवून घेतो, ते प्रयोजक क्रियापद. सिस्टर आईला चालवतात. पाय आईचे, कर्ता सिस्टर. कर्त्याच्या अंगात ती क्रिया करण्याची ताकद आहे की नाही हे सांगतं, ते शक्य क्रियापद. आईला चालवत नाही. इथे कर्ता आईच. मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’मध्ये ही दोन्ही एकापाठोपाठ येतात आणि परीक्षेला बसणारी मुलं इथे हमखास अडखळतात. त्यात मुलांचा काय दोष? दोन्हीकडे धातूला तोच ‘व’ आणि आईला तोच ‘ला’. पुस्तकातल्या वाक्यात निदान कर्ता लिहिलेला असतो. बोलताना आपण तो गाळतो, आणि ‘मला गाणं ऐकवत नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : तो मला गाणं म्हणून दाखवत नाही, किंवा मला ते ऐकणं सहन होत नाही.

मला खात्रीची वाटते ती ताईचीच खूण. ‘ला’ काढून ‘च्यानं’ घालून पाहा. ‘माझ्याच्यानं ऐकवत नाही’ असं म्हणता आलं आणि अर्थ तोच राहिला, तर क्रियापद शक्य. शिवाय प्रयोजक कर्त्यामागे जातं : मी चालवते, तू चालवतेस. शक्य मात्र मला, तुला, त्यांना, सगळ्यांना ‘चालवत नाही’ एवढंच.

शक्य क्रियापद आपण बहुतेक वेळा नकारातच वापरतो. राहवत नाही, बघवत नाही, जिने चढवत नाहीत. शरीर किंवा मन थकलं की हा ‘व’ जिभेवर येतो. काही ठिकाणी तर भाषेनंच घोटाळा टाळला आहे : आजाऱ्याला खाववत नाही, पण त्याला घास ‘भरवायचा’ असतो.

पाचव्या दिवशी ताईचा मेसेज आला, त्यात ‘व’ नव्हता : ‘आई आज खिडकीपर्यंत चालली.’