गाईड दीड वाजता मागे का फिरवतो?

समजा, डिसेंबरातल्या एका रविवारी तुम्ही दहा-बारा जण कळसूबाईला निघालात. सकाळी सातला चढायला सुरुवात करायची असं ठरलं होतं, पण कसारा घाटात गाडी अडकली आणि बारी गावात चहा-पोहे होईपर्यंत साडेनऊ वाजले. पहिलं पाऊल टाकायच्या आधीच गाईड सांगतो, "दीड वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. शिखर समोर दिसत असलं तरी."

सगळे माना डोलावतात. मनातून प्रत्येकाला वाटत असतं, बघू तेव्हाचं तेव्हा.

आज आपण गाईडच्या या एका वाक्याची चिरफाड करू. दीड हा आकडा आला कुठून, तो साडेनऊलाच का सांगायचा, आणि संशोधन प्रस्ताव लिहिणाऱ्या माणसाने त्यातून काय घ्यायचं? आपल्याकडे डोंगरातल्या वाटाड्याला आणि पीएच.डी.च्या मार्गदर्शकाला बोलताना एकच शब्द आहे, गाईड. दोघांचं सगळ्यात महत्त्वाचं कामही बरंचसं सारखं आहे.

हिशोब उलटा करायचा

आपण साधारण पुढून मोजतो. आत्ता निघालो, इतके तास चढण, म्हणजे इतक्या वाजता माथ्यावर. गाईड मागून मोजतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंधारात लोखंडी शिड्या आणि सुटे दगड नकोत, म्हणून एक तास हाताशी ठेवायचा. म्हणजे पाचला गावात. अशा गटाला उतरायला तीन तास लागतात, म्हणजे दोनला माथा सोडायचा. देवीचं दर्शन, डबा आणि फोटो यांना अर्धा तास. उरले दीड.

या हिशोबात शिखर कुठेच नाही, हे लक्षात घ्या. हिशोबाची सुरुवात अशा गोष्टीपासून होते जी कोणाच्या बापाला बदलता येत नाही: सूर्यास्त. संशोधनात तुमचा सूर्यास्त म्हणजे फेलोशिपची शेवटची तारीख, प्रबंध सादर करायची मुदत किंवा ज्या हंगामात नमुने मिळतात तो हंगाम. वेळापत्रक तिथून मागे आखायचं. बहुतेक प्रस्तावांत ते पुढून आखलेलं असतं, आणि म्हणून शेवटचे सहा महिने "लेखन" या एका शब्दात कोंबलेले असतात.

चढायला चार तास कशाला?

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारीतून माथ्यापर्यंत वाट साधारण साडेसहा किलोमीटरची आणि चढ साधारण ८०० मीटरचा धरू. आता दोन प्रसिद्ध सूत्रं लावून बघू.

पहिलं सूत्र विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचं, १८९२ सालचं. दर तीन मैलांना एक तास आणि चढाच्या दर २००० फुटांना आणखी एक तास. आपल्या आकड्यांत ताशी ४.८ किमी, आणि दर ६१० मीटर चढाला एक तास जादा. उत्तर येतं सुमारे २ तास ४० मिनिटं.

दुसरं सूत्र वॉल्डो टोब्लर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाचं, १९९३ सालचं. एडवर्ड इमहोफ या स्विस नकाशाकाराच्या आकडेवारीवर त्यांनी एक वक्र बसवला. त्यानुसार माणूस सपाटीवर ताशी सुमारे ५ किमी चालतो, हलक्या उतारावर (१०० मीटरला ५ मीटर) ताशी ६ किमी, आणि तिथून चढ किंवा उतार जसजसा वाढतो तसतसा वेग झपाट्याने कमी होतो. आपल्या वाटेचा सरासरी चढ या सूत्रात घातला, तर उत्तर येतं सुमारे २ तास.

इथेच पहिला धडा. सरासरी चढ वापरणं बरोबर आहे का? कळसूबाईची वाट एकसारखी चढत नाही. मधे मोकळी पठारं आहेत आणि मग सरळ उभ्या शिड्या. समजा, ८०० पैकी ४०० मीटर चढ एकाच किलोमीटरमध्ये आहे आणि उरलेला चढ साडेपाच किलोमीटरवर पसरलेला आहे. दोन तुकडे वेगळे मोजले तर टोब्लरचं उत्तर २ तास १३ मिनिटं होतं. सूत्र सरळ रेषेचं नसेल, तर सरासरी आत घालून बाहेर सरासरी येत नाही. तेरा मिनिटांचा फरक छोटा वाटेल, पण ही चूक प्रबंधांमध्ये मोठमोठ्या आकड्यांनिशी होत असते.

तरीही गाईडचे चार तास आणि सूत्राचे सव्वादोन तास यांत पावणेदोन तासांची दरी उरतेच. मग चुकतंय कोण?

कोणीच नाही. सूत्रं एका चालत्या माणसाची आहेत. गाईडचा आकडा गटाचा आहे. गट सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालतो. एकाच्या बुटाची नाडी सुटली की अकरा जण थांबतात. रविवारी शिड्यांखाली रांग लागते आणि शिडीवर एका वेळी मोजकीच माणसं जातात. साडेनऊला निघालेला गट उन्हात सापडतो, पाण्याला थांबतो. नेस्मिथचा नियम सवयीच्या, दमदार गिर्यारोहकाने स्कॉटलंडच्या थंड हवेत बांधलेला आहे. कॉलेजच्या पहिल्या ट्रेकला आलेल्या गटाबद्दल त्याने कधी दावाच केला नव्हता.

म्हणून कोणताही आकडा हाती आला की तीन प्रश्न विचारायचे: कोणाचं मोजलं? कुठे मोजलं? कशासाठी मोजलं? साहित्याचा आढावा लिहिताना "अमुक यांच्या मते तमुक" अशी वाक्यं एकाखाली एक रचणं म्हणजे आढावा नव्हे. तो आकडा तुमच्या डोंगराला लागू पडतो की नाही, हे ठरवणं म्हणजे आढावा.

आणि उतरायला तीन तास?

उतरायला चढण्यापेक्षा कमीच श्रम पडणार, असं कोणालाही वाटेल. टोब्लरचं सूत्रही उतरायला सुमारे दीड तासाचं उत्तर देतं. नेस्मिथच्या मूळ नियमात तर उतरण्यासाठी वेगळा वेळच नाही. तो पुढे एरिक लँगम्युअर यांनी जोडला: सौम्य उतार असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करा, तीव्र उतार असेल तर १० मिनिटं वाढवा. म्हणजे उतार सोपा की अवघड, हे तो किती तीव्र आहे यावर ठरतं.

यामागे शरीरशास्त्राचा एक छान अभ्यास आहे. अल्बर्टो मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दहा धावपटूंना वेगवेगळ्या चढ-उतारांच्या ट्रेडमिलवर चालवून-पळवून ऊर्जा मोजली. चालताना सपाटीवर शरीराच्या दर किलोला, दर मीटरला किमान १.६४ ज्यूल लागले. १०० मीटरला ४५ मीटर चढ असताना हाच आकडा १७.३३ झाला, म्हणजे दहापटीहून जास्त. १०० ला १० च्या उतारावर तो ०.८१ वर आला, सपाटीच्या निम्मा. पण उतार ४५ पर्यंत तीव्र केला तर पुन्हा वाढून ३.४६ झाला, सपाटीच्या दुप्पट. फार उतारावर शरीर पुढे ढकलायचं नसतं, आवरायचं असतं, आणि आवरायलाही ऊर्जा लागते.

तरीही १७.३३ पुढे ३.४६ म्हणजे काहीच नाही. मग उतरताना मांड्या का थरथरतात? कारण या अभ्यासात ऑक्सिजनचा वापर मोजून ऊर्जेचा खर्च काढला होता. स्नायूंना होणारी इजा हा वेगळा विषय आहे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. त्यात ऊर्जा कमी लागते, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा जास्त होते. म्हणूनच ट्रेकनंतरचं दुखणं त्या रात्री फारसं जाणवत नाही. सोमवारी-मंगळवारी जिना उतरताना देव आठवतो. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं.

दम लागत नाही म्हणून आपण बरे आहोत असं वाटतं, आणि पाय मात्र साथ सोडत असतात. पाय घसरण्याची भीती उतरतानाच जास्त असते ती यामुळेही. तुमच्या संशोधनासाठी यातला धडा असा: तुम्ही जे मोजता तेच तुम्हाला दिसतं. ऑक्सिजन मोजणाऱ्याला उतार सोपा दिसेल, स्नायूंची इजा मोजणाऱ्याला अवघड. "उतार सोपा आहे का?" हा प्रश्न अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नाही. सोपा म्हणजे काय, ते कशाने मोजणार, हे लिहिल्यावर तो होतो.

साडेनऊलाच का सांगायचं?

आता मुख्य मुद्दा. दीड वाजलेत. गट शेवटच्या शिडीच्या खाली आहे. माथा अर्ध्या तासावर. शिडीवर रांग आहे. या क्षणी मतदान घेतलं तर काय होईल? "एवढं चढून आलो, आता अर्ध्या तासासाठी कुठे परतायचं!"

या वाक्यातला युक्तिवाद तपासा. चढून आलेले चार तास पुढे गेलं तरी परत मिळणार नाहीत आणि मागे फिरलं तरी नाहीत. निर्णय पुढच्या तासांचा आहे, पण आपण मागच्या तासांकडे बघून तो घेतो. मानसशास्त्रात याला संक कॉस्ट म्हणतात, बुडीत खर्चाचा मोह. आर्केस आणि ब्लूमर यांच्या १९८५ च्या प्रसिद्ध शोधनिबंधात एक प्रयोग आहे. नाटकांच्या हंगामी तिकिटावर काहींना अचानक सवलत दिली, काहींना पूर्ण किंमत लावली. हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच होती, फक्त भरलेले पैसे वेगळे होते.

थकलेला, भुकेला आणि माथा दिसत असलेला माणूस चांगला न्यायाधीश नसतो. म्हणून गाईड न्यायनिवाडा सकाळीच उरकतो, जेव्हा कोणाचंच काही पणाला लागलेलं नसतं.

तुमचा दीड कुठे आहे?

संशोधनात हीच गोष्ट थेट आकड्यांत दिसते. समजा, तुम्ही दोन गटांची तुलना करताय आणि प्रत्यक्षात त्यांच्यात काहीच फरक नाही. एकदाच, शेवटी चाचणी केली तर ०.०५ च्या पातळीवर चुकून "फरक आहे" असं म्हणायची शक्यता ५ टक्के. पण डेटा गोळा करता करता मधेमधे पाहिलं, आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली की थांबायचं, असं ठरवलं तर? समान अंतराने पाच वेळा पाहिलं तर ती शक्यता सुमारे १४ टक्के होते. दहा वेळा पाहिलं तर सुमारे १९. यात कोणी खोटा डेटा भरलेला नाही. फक्त कधी थांबायचं हे आधी ठरलेलं नव्हतं.

"अजून दहा नमुने घेऊन बघू, जवळपास आलंच आहे" आणि "अजून अर्धा तास, माथा दिसतोच आहे" ही दोन्ही वाक्यं सख्ख्या बहिणी आहेत.

मधे बघायचंच नाही असं मात्र नाही. औषधांच्या चाचण्यांत मधे पाहतात, पण किती वेळा पाहायचं आणि प्रत्येक वेळी निकष किती कडक ठेवायचा हे आधी लिहून. रुग्णांना अपाय होताना दिसला तर चाचणी लवकर थांबवतात. गाईडचाही नियम असाच एका बाजूने सैल आहे. पाऊस आला, कोणाचा पाय मुरगळला, तर तो बाराला मागे फिरेल. दीडच्या पुढे मात्र जाणार नाही.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. तुमच्या प्रस्तावाच्या शेवटी तीन ओळी लिहा. पहिली, डेटा गोळा करणं नेमकं कधी थांबवणार: किती नमुने किंवा कोणती तारीख. दुसरी, तो आकडा कुठून आला, आणि ज्यांच्यावरून घेतला त्यांच्यात आणि तुमच्यात काय फरक आहे. तिसरी, काय दिसलं तर त्याआधीच थांबणार. तारीख घाला आणि तुमच्या गाईडना ईमेलने पाठवा. तुमच्या विषयात प्री-रजिस्ट्रेशनची पद्धत असेल तर तिथेही नोंदवा.

ईमेल का? वहीतल्या ओळी दीड वाजता खोडता येतात. दुसऱ्याला सांगितलेल्या ओळी खोडायला निदान एकदा बोलावं लागतं. आणि अजून अर्धा तास का हवाय हे मोठ्याने सांगायची वेळ आली, की बरेचदा आपलं आपल्यालाच उत्तर मिळतं.