काउन्सेलर कोणाचा? आईचा की माझा?

ऑफिसचं टेन्शन, ब्रेकअप, लग्न करू की नको... आपल्यापैकी कुणी काउन्सेलरकडे जातं तेव्हा अपॉइंटमेंट स्वतः घेतं, फी स्वतः भरतं आणि नाहीच पटलं तर पुढच्या शनिवारी खुशाल दांडी मारतं. नववी-दहावीतल्या पोरांना मात्र तिथे ‘नेलं’ जातं. माझ्या मते सगळा फरक इथूनच सुरू होतो.

समजा, नवीन पनवेलमधली पंधरा वर्षांची एक मुलगी. आई-बाबा दोघंही सकाळी सीएसएमटी लोकल पकडणारे, म्हणजे येऊन-जाऊन अडीच-तीन तास ट्रेनमध्येच. पोरगी क्लास बुडवते, जेवणावरून चिडते, दार धाडकन लावून घेते. आई काउन्सेलरला म्हणते, ‘हिला जरा समजवा.’ म्हणजे कस्टमर आई आणि रिपेअरिंगला दिलीय मुलगी! चांगला काउन्सेलर आईचं ऐकून घेतो, मग तिला बाहेर बसवतो आणि मुलीला विचारतो, ‘तुला स्वतःला यायचं होतं का?’ उत्तर ‘नाही’ आलं तरी चालतं. निदान ते खरं असतं.

मोठी माणसं खुर्चीत बसली की आपली स्टोरी सांगायला लागतात. टीनएजर ‘माहीत नाही’, ‘काही नाही’, ‘ठीके’ एवढ्यावर अख्खा तास काढू शकतो. मग चित्र काढता काढता, एखादं आवडतं गाणं ऐकता ऐकता बोलणं निघतं. शिवाय या वयातलं डिप्रेशन बऱ्याचदा उदास दिसतच नाही, चिडचिडीच्या रूपात बाहेर येतं. घरचे त्याला ‘अ‍ॅटिट्यूड’ म्हणतात आणि मोकळे होतात.

पण खरी गोची सिक्रेटची. आपण बोललेलं, कुणाच्या जिवाला धोका नसेल तर, सहसा त्या खोलीबाहेर जात नाही. अठराच्या आतल्यांचं गणित वेगळं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्यांचे प्रतिनिधी म्हणून आधी पालकांनाच धरतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ तर सांगतं, की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवायलाच हवं. काउन्सेलर, डॉक्टर, शिक्षक, शेजारी, कुणालाच सूट नाही. यात एक मोठी पंचाईत आहे. अठराच्या आतली संमती हा कायदा मानत नाही, त्यामुळे सतरा वर्षांच्या दोघांचं प्रेमप्रकरणही पुढे गेलेलं असेल तर यात येतं. ते माहीत झालेली मुलं तोंड उघडतील कशी? म्हणूनच ‘तू सांग, मी कुणालाच सांगणार नाही’ असं प्रॉमिस शहाणा काउन्सेलर देत नाही. काय तुझ्या-माझ्यात राहील आणि काय राहणार नाही, हे तो पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो. बाहेर सांगायची वेळ आलीच, तर आधी मुलाला कल्पना देतो.

हे तुम्हाला का सांगतेय? कारण मावशीचा धाकटा आधी तुम्हालाच मेसेज करणार, ‘दादा, कुणाला सांगू नको हं!’ तेव्हा ‘प्रॉमिस’ टाइप करण्याआधी थांबा. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. ‘टेली-मानस’चा १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट आणि मराठीतूनही. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ठाण्यात आहे आणि पनवेलहून ठाण्याला थेट लोकल मिळते. सोबत जाणार असाल, तर तुम्हीही बाहेरच्या बाकावर बसायची तयारी ठेवा.